करवंटीचा नेम

"दाजी, मी अमरदीप जाधव. ठाण्यातला." खळ्यात मोटारसायकल उभी करता करता हवालदार म्हणाला, "तुमची बंदूक घेऊन जा बाबा एकदाची."

दाजी रांबाडे पडवीत बसून सुपाऱ्या सोलत होते. सोललेली सुपारी त्यांनी टोपलीत टाकायची ती टोपलीबाहेर टाकली. हरवलेली वस्तू मिळाली म्हटलं की माणसाचा चेहरा खुलतो, दाजींचा मात्र उतरला.

"कनची बंदूक?"

"कनची म्हणजे? तुमची, ठासणीची. चार वर्षं आमच्याकडं पाहुणी आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला जमा केलीत ती परत न्यायला फिरकलाच नाहीत. तीन नोटिसा धाडल्या मी."

"मला एक बी न्हाय मिळाली."

"मिळाल्या नसतील. पण आता नीट ऐका. ज्यांनी नेल्या नाहीत त्या सगळ्या बंदुका शुक्रवारी जिल्ह्याला जायच्यात. दुपारी दोनला गाडी येणार. तिथं गेली की तोडून टाकतात. लोखंड भंगारात आणि लाकूड चुलीत. मग माझ्याकडं येऊन रडू नका." अमरदीपचा स्वर खरं तर आपलेपणाचा होता. याच कामासाठी तो खाडीपलीकडून, वाट वाकडी करून, उन्हातून आला होता. "शुक्रवारी सकाळी या. परवाना घेऊन या, सही करा, बंदूक उचला."

तो चहासुद्धा न घेता गेला. मोटारसायकलचा आवाज घाटी उतरून जाईपर्यंत दाजी तसेच बसून राहिले.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगायला हवं. आमच्याकडे आंब्याच्या कलमांची राखण करायला सरकार बंदुकीचा परवाना देतं. वानरं आणि रानडुकरं यांना कागदाची भीती नसते, बंदुकीच्या बाराची असते. अट एकच. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. आणि आपल्या देशात निवडणुकांना तोटा नाही. दाजींच्या बंदुकीने गेल्या तीस वर्षांत जेवढ्या निवडणुका पाहिल्या तेवढ्या एखाद्या पुढाऱ्यानेही पाहिल्या नसतील.

चार वर्षांपूर्वी ती गेली आणि दाजींनी ती परत आणलीच नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, "आता झेडपीची लागेल. आणायची नि परत न्यायची, कोणी सांगितलाय खटाटोप?" झेडपी झाली की विधानसभा, ती झाली की लोकसभा. उत्तर तयारच असे, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटे.

खरं कारण दाजींना एकट्याला ठाऊक होतं. त्यांना नेम धरता येत नव्हता. पावस गावी डोळ्यांचं शिबिर होतं तिथे ते गुपचूप जाऊन आले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही. चष्म्याने भागणार नाही आणि ऑपरेशनने परत येणार नाही.

झालंही अगदी तसंच. दाजींना वाट दिसे, बागेचा दगडी गडगा दिसे, अंगणाची कड दिसे. पण ज्या गोष्टीकडे बघावं तीच नेमकी पुसली जाई. समोर माणूस उभा राहिला की त्याचे खांदे दिसत, पाय दिसत, आणि तोंडाच्या जागी धुकं. बंदुकीच्या नळीच्या टोकाला नेम धरायची बारीक माशी असते, ती तर कधीच गेली होती. पाच गावांत ज्याच्या नेमाची गोष्ट सांगत त्या माणसाच्या डोळ्यातली देवाने नेमाचीच जागा काढून नेली. दाजींना याचा राग येई, आणि राग कोणावर काढायचा हे न कळून ते सुपाऱ्या सोलत बसत.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मालनला, म्हणजे बायकोला, तर नाहीच. मालनपासून लपवायला तसंच कारण होतं. त्यांचं लग्नच मुळी नजरेवर झालं होतं.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मालनच्या माहेरी देवदिवाळीची जत्रा असे. देवळामागच्या माळावर फणसाच्या फांदीला सुंभाने एक करवंटी टांगायची आणि परवानेवाल्यांनी साठ पावलांवरून ती फोडायची, अशी तिथली रीत. तेव्हा कायद्याचा काच कमी होता. करवंटी टांगायचं काम खुद्द पोलीस पाटील करी. समुद्रावरून वारा आला की करवंटी झोके घेई आणि भलेभले छर्रे वाया घालवून परत जात. दाजी तेव्हा पंचवीस वर्षांचे. त्यांच्या वडिलांनी, सखारामांनी, त्यांना एक गोष्ट शिकवली होती. करवंटीच्या मागे धावायचं नाही. झोका जिथे संपतो तिथे ती क्षणभर थांबते. बंदूक तिथे रोखून ठेवायची, अर्धा श्वास सोडायचा, आणि करवंटीला आपल्याकडे येऊ द्यायचं.

पहिल्याच बाराला करवंटीचे तुकडे झाले. गर्दीत मालनचे वडील होते. ते संध्याकाळी सखारामांना भेटले आणि म्हणाले, "ज्या पोराची नजर अशी, त्याच्या घरात माझी पोर कधी अंधारात राहायची न्हाय." एवढ्यावर सोयरीक ठरली. हे वाक्य लग्नात, बारशात, पुढे मुलगा विनीत मुंजीएवढा होईपर्यंत प्रत्येक पंगतीत सांगितलं गेलं. आता ती नजरच गेली हे मालनला कुठल्या तोंडाने सांगणार?

म्हणून चार वर्षं एक नाटक चाललं होतं. मालनने जुन्या सतरंजीची बंदुकीला खोळ शिवली होती. त्या खोळीत दाजी बांबूचा दांडका घालत आणि खांद्याला लावून कलमांतून फिरत. वानरं मोठी हुशार, पण खोळीला मानत. दाजी नुसते खाली उभे राहिले तरी हुप्प करून पलीकडच्या बागेत उड्या टाकत. मालनही हल्ली बरोबर येई. तिला फिरायची हौस लागली आहे असं दाजींना वाटे. चालता चालता तिची बडबड सुरू असे. "अवो, विहिरीकडच्या कलमावर चार बसल्यात. एक मोठा हुप्या हाय, शेंड्याला." दाजी मान डोलावत आणि दांडका तिकडे वळवत. बाई फार बोलते, पण बोलते ते उपयोगाचं, असं त्यांचं मत होतं.

त्या दिवशी मालन व्हाळावरून कपडे धुऊन आली तेव्हा दाजींनी तिला अमरदीपचा निरोप सांगितला.

"शुक्रवारी?" तिने पिळे दोरीवर टाकता टाकता विचारलं. तिचे हात थांबले होते हे दाजींना दिसलं नाही.

"शुक्रवारी. न्हायतर तोडतील म्हणतो. बापसाची बंदूक गो. बापूस गेला तवा ती माज्या हातात दिली, दुसरं काय दिलान त्यानं?"

"मंग आणूया की."

"आणूया," दाजी म्हणाले. बंदूक आली की वाडीतलं कोणीतरी म्हणणारच, दाजी, काढा एक बार. आणि नाही आणली तर सखारामांची बंदूक भंगारात जाणार. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. शेवटी शुक्रवारी पहाटे अंघोळ करताना त्यांनी ठरवलं की आणायची. पुढचं पुढे.

रिकामी खोळ घेऊन दाजी आणि मालन निघाले. वाडीतल्या नितेशची रिक्षा होती. "दाजी, मी नितेश. बसा," तो म्हणाला. हल्ली वाडीतली सगळी माणसं अशी आपलं नाव घेऊनच बोलायला लागली होती. 'दाजी, मी धोंडू.' 'दाजी, मी सलोनी, दूध आणलंय.' मोबाईलवर बोलून बोलून लोकांना सवय लागली आहे, असं दाजींनी आपल्याशी ठरवून टाकलं होतं.

ठाण्याच्या आवारात दोनची गाडी सकाळीच येऊन उभी होती. दोन शिपाई गोणपाटात बांधलेले लांबट गठ्ठे तिच्यात चढवत होते. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज ठाण्याच्या आत ऐकू येत होता. अमरदीपने खुर्च्या पुढे केल्या, पाणी दिलं, परवान्याचं पुस्तक पाहिलं.

"चालू आहे अजून, पुढच्या मार्चपर्यंत. बरं झालं आलात. थांबा, आणतो."

तो आतल्या खोलीत गेला आणि दारातच बंदूक उभी धरून थांबला. दाजींना दाराची चौकट दिसली, अमरदीपची खाकी बाही दिसली, आणि मध्ये काहीतरी काळपट उभं.

"हीच ना?"

"हीच," दाजी ठासून म्हणाले. मालन शेजारी होती, नितेश दारात होता. दाजींना जरा जोरच चढला. "आपलं पोर कोणी लांबून ओळखत न्हाय काय? नळीवरला काळा रंग बघ. हीच."

"चिठ्ठीवर पण तुमचंच नाव आहे. इथं सही करा."

"हितं," म्हणत मालनने कागदावर बोट ठेवलं. दाजींनी बोटाच्या अंदाजाने सही केली. अमरदीपने बंदूक त्यांच्या हातात दिली.

डावा हात नळीवर गेला आणि उजवा आपोआप मागच्या लाकडी दस्त्यावर. पन्नास वर्षांची सवय. उजवा अंगठा दस्त्याच्या आतल्या बाजूला सरकला आणि तिथे थांबला. तिथे काहीच नव्हतं. लाकूड गुळगुळीत होतं.

सखाराम एकदा ओल्या कातळावर बंदुकीसकट घसरले होते. दस्ता चिरला. बंदुकीचा कारागीर गाठायला कोल्हापूरला जावं लागलं असतं, म्हणून त्यांनी ती पूर्णगडला होड्या बांधणाऱ्या सुताराकडे नेली. त्याने फणसाचा तुकडा बसवला आणि होडीला मारतात तसे दोन तांब्याचे खिळे मारून दिले. रांबाड्यांची बंदूक पाण्यात टाकली तरी तरंगेल, असं लोक थट्टेने म्हणत. ते दोन खिळे दाजींच्या अंगठ्याला पाठ होते. नेम धरायच्या आधी ते नेहमी त्यांच्यावरून अंगठा फिरवत, आणि मगच घोडा ओढत.

ही बंदूक सखारामांची नव्हती.

खरी बंदूक मग कुठे असेल हे कळायला डोळे लागत नव्हते. बाहेर गठ्ठे आपटत होते.

"वजन वाईच कमी लागतंय," त्यांनी चाचपडून पाहिलं.

अमरदीप हसला. "दाजी, वय वाढलं की वजन जास्त लागतं. कमी कसं लागेल?"

दाजींनाही ते पटलं. खोटं बोलायला तयारी लागते, ती त्यांनी केली नव्हती. आता दोनच वाटा होत्या. ही परकी बंदूक खोळीत घालायची, नितेशच्या रिक्षेत बसायचं, आणि घरी जाऊन पूर्वीसारखं राहायचं. कोणाला काही कळणार नाही. किंवा बोलायचं. पण बोलायचं तर पहिला प्रश्न हाच येणार की मघाशी लांबून ओळखलीत ती कशी.

बाहेर कोणीतरी म्हणालं, "झालं रे, फळी लाव." गाडीच्या मागच्या फळीची साखळी वाजली.

"अमरदीप," दाजी म्हणाले, "गाडी थांबव. ही माजी न्हाय."

"अहो, आत्ता तर लांबून..."

"ओळखली न्हाय. उगाच बोललो." दाजींचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "मला दिसत न्हाय. चार वर्सं झाली. तू हितं उभा हायस ता कळतं, पण तुला तोंड न्हाय. मधलं सगळं गेलंय. बंदुकीकडं बघितलं की बंदूकच दिसत न्हाय. माजी त्या गाडीत हाय. जा बाबा लवकर."

दाजींनी मालनकडे बघायचं टाळलं. तसं बघूनही काही दिसलं नसतं.

अमरदीप मात्र तोपर्यंत पायऱ्या उतरला होता. फळी पुन्हा खाली पडली, गठ्ठे सुटले. वादळात खोलीचा पत्रा उडाला होता तेव्हा सगळी हत्यारं घाईघाईने हलवली होती, चिठ्ठ्या भिजून गळाल्या होत्या, आणि खाऱ्या हवेने नळीवरचे नंबर खाल्ले होते. कोणीतरी अंदाजाने नव्या चिठ्ठ्या बांधल्या असाव्यात. अमरदीप हे सगळं दाजींना सांगत होता आणि एकेक बंदूक त्यांच्या हातात देत होता. दाजी आवारातल्या आंब्याखाली उभे राहून हात फिरवत होते.

"ही न्हाय." दुसरी. "ही बी न्हाय. ही ब्राह्मणाची असंल, फार कमी वापरलेली." शिपाई हसले. तिसरी, चौथी. पाचव्या बंदुकीवर अंगठा सरकला आणि एका बारीक उंचवट्यावर अडला, मग दुसऱ्या.

"ही," दाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या डोळ्यांनी दुसरं काही होत नसलं तरी तेवढं अजून होत होतं. त्यांनी दस्ता नाकाशी नेला. दाजी दस्त्याला उंडीचं तेल लावत. चार वर्षांनंतरही खिळ्यांच्या बुडाशी त्याचा कडवट वास थोडा उरला होता.

पुन्हा आत येऊन बसल्यावर अमरदीप बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत राहिला. शेवटी म्हणाला, "दाजी, तुम्ही हे माझ्यासमोर बोललात. आता मी तुमच्या हातात बंदूक देऊ शकत नाही."

"ता ठावं हाय."

"पण तोडायला पण पाठवणार नाही. तुम्ही ओळख पटवलीत, मालक हजर आहे. सत्तरी उलटली की परवाना वारसाच्या नावावर करता येतो. अर्ज द्या. तो मंजूर होईपर्यंत बंदूक इथं राहील, या वेळी चिठ्ठी मी तारेनं बांधतो. विनीतचं नाव घालू?"

"विनीत डोंबिवलीला असतो. तो दिवाळीला येतो तवा वांदराला बघून दार लावून घेतो," दाजी म्हणाले.

"मग?"

"माजं घाला," मालन म्हणाली.

दाजी आवाजाच्या दिशेने वळले. अमरदीपही बघत राहिला. मालनचं वय सहासष्ट, अंगाने काटकुळी, नाकात नथ, पायात विनीतच्या जुन्या चपला.

"काकू, शिकावं लागतं. प्रमाणपत्र लागतं. साहेब विचारतात, बंदूक कशी धरायची, कशी ठेवायची."

"शिकवायला माणूस हाय घरात. नि राखणीला रोज मीच जात्ये. कुठल्या कलमावर किती वांदरं ता मीच सांगत्ये ह्यांना."

अमरदीपने अर्जाचा कोरा कागद काढला. मग काहीतरी आठवून म्हणाला, "दाजी, तुमच्या घराशी तिन्ही नोटिसा पोचल्याची सही आहे माझ्याकडं. खरंच मिळाल्या नाहीत?"

"त्या मी घेतल्या," मालन म्हणाली. "न्हाणीच्या चुलीत घातल्या."

मालनने सावकाश, एकेक अक्षर जोडत, अर्जावर आपलं नाव लिहिलं.

परत येताना रिक्षेत दाजींच्या मांडीवर रिकामी खोळ होती. खाडीच्या पुलावर वारा लागला तेव्हा नितेश पुढे बघतच म्हणाला, "दाजी, वाईट वाटून घेव नका. आमाला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"दिसत न्हाय ता. म्हणून तर आमी नाव सांगून बोलतो."

चार वर्षांतली सगळी नावं दाजींना एकदम आठवली. धोंडू, सलोनी, दुकानातला पोरगा, अगदी भांडण असलेला शेजारीसुद्धा. तोही म्हणाला होता, दाजी, मी वरच्या आळीतला, मी काय बोलायला आलो न्हाय, नुसता जातोय. एवढी माणसं आपल्यासाठी नाटकात उभी होती आणि आपण स्वतःला एकटे नट समजत होतो. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा बरंच जास्त बरं वाटलं.

"नि तुला कवापासून?" त्यांनी मालनला विचारलं.

"बंदूक जमा केलीत त्याच्या आदल्या दिवशी. मी गडग्यावर काळी घागर पालथी घातलेली. तुमी अर्धा तास तिच्यावर नेम धरून बसलेलात. वांदर हलंना म्हणून चिडलेलात. मी मागनं जाऊन घागर उचलली, तवा तुमी म्हणालात, गेला मेला."

नितेशची रिक्षा जरा वाकडी गेली. तो हसू दाबत होता.

"तवाच का न्हाय बोललीस?"

"तुमी बोलाल म्हणून थांबले."

दाजी खोळीच्या काठाशी चाळा करत राहिले. मग जे चार वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलले. "तुज्या बापसानं नजर बघून दिलान ना गो तुला. ती नजर गेली. मी काय तोंडानं सांगणार?"

मालन हसली. खळखळून नाही, नाकातल्या नाकात. "बापसानं बघितली असंल. मी कुठं बघितली? मला बाराची भीती. मी कानांत बोटं घालून डोळे घट्ट मिटून उभी व्हते. करवंटी कदी फुटली ता मला ठावंच न्हाय. लोक वरडले तवा डोळे उघडले."

"मंग?"

"मंग काय? तुमी उभे व्हतात. तोंड बंदुकीच्या दारूच्या धुरानं काळं नि दात काढून हसत व्हतात. तेवढंच बघितलं."

"तेवढ्यावर आलीस?"

"तेवढं पुरलं," मालन म्हणाली. पुढे घाटी लागली आणि रिक्षेच्या आवाजात बोलणं बुडालं. नितेशने आरशात पाहिलं तेव्हा दाजी हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर दाजींनी एक करवंटी पुसली, तिला भोक पाडून सुंभ ओवलं आणि विहिरीकडच्या कलमाला टांगली. कैऱ्या नुकत्याच धरल्या होत्या, बोराएवढ्या. खालून वारा येत होता. खोळीत दांडका घालून त्यांनी ती मालनच्या हातात दिली आणि तिच्या मागे उभे राहिले. तिचा उजवा खांदा दाबून खाली घेतला, डावं कोपर वर उचललं, दस्त्याच्या जागी तिचा अंगठा ठेवला. कितीही चुकली तरी ते न चिडता पुन्हा सांगत होते. इतक्या शांतपणे त्यांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं.

"करवंटीच्या मागं जाव नको. ती जिथं थांबते तिथं धर. सांग मला, कुठं थांबते?"

"त्या वाकड्या फांदीच्या अंगाला."

"तिथंच धरून रव्ह. आता अर्धा श्वास सोड."

वारा आला. सुंभ करकरलं. मालनचा खांदा त्यांच्या हाताखाली एकदम ताठ झाला.

"डोळे उघड," दाजी म्हणाले.

"तुमाला काय ठावं मी मिटले ता?"

"उघड गो. बार न्हाय, दांडका हाय नुसता. मी हाय मागं."

मालनने डोळे उघडले. समोर करवंटी वाकड्या फांदीपाशी गेली आणि तिथे क्षणभर थांबली.

"दिसली," ती म्हणाली.